गारेचा मुद्देमाल

‘मॅडम, तुमच्या मशीनवर दगड मारणारा सापडला,’ शेख जमादार फोनवर म्हणाले. ‘पण दगडं सापडून नाही राहिले.’

मी लातूरला होते. मुलीच्या क्लासच्या ॲडमिशनच्या रांगेत उभी. आधी वाटलं, चुकीचा नंबर लागला.

‘कोणतं मशीन?’

‘पावसाचं. खैरवाडीचं. तुमच्या मंडळातलं. आरोपी बसवून ठेवलाय. तुम्ही येऊन ओळखा.’

‘आरोपी ओळखू?’

‘नाही, मशीन ओळखा. आरोपी आम्हाला ओळखीचा आहे.’

मी त्या वेळी मुखेड तालुक्यात मंडळ कृषी अधिकारी होते. आता रिटायर होऊन नांदेडला राहते. मंडळ म्हणजे दहा-वीस गावांचा एक गट. त्या प्रत्येक गटात एका गावी स्वयंचलित हवामान केंद्र असतं. सरकारी कागदावर हे नाव. गावात सगळे त्याला मशीन म्हणतात. चार बाजूंनी जाळी, मध्ये लोखंडी खांब, खांबावर सोलर पॅनल, त्याच्या वर वारा मोजणाऱ्या तीन वाट्या फिरत असतात आणि खाली एका बाजूला पाऊस मोजायचं नरसाळं. मशीन एका खासगी एजन्सीचं. तिचा इंजिनिअर लातूरला बसायचा. आम्ही फक्त लक्ष ठेवायचं. बिघडलं तर मात्र पत्र आम्हालाच यायचं.

मुलीला रांगेत उभं केलं आणि अहमदपूरमार्गे जाणारी एसटी पकडली.

चार दिवसांपूर्वी खैरवाडीला गारा पडल्या होत्या. मार्चचा महिना. दुपारी आभाळ काळंनिळं झालं आणि वीस मिनिटांत रान पांढरं झालं. ज्वारी आडवी पडली. आंब्याखाली कैऱ्यांचा सडा. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन रिपोर्ट दिला, ‘गारपीट’. आमचे तालुका अधिकारी चिद्रवार साहेब. त्यांनी तो रिपोर्ट परत पाठवला. वर शेरा होता, ‘केंद्राच्या नोंदीनुसार हलका पाऊस. खुलासा करावा.’

मी फोन केला.

‘साहेब, मी स्वतः गारा पाहिल्या. बांधाच्या सावलीला ढीग होता.’

‘मशीनमध्ये गार आहे का?’

‘मशीनला गार मोजताच येत नाही, साहेब.’

‘म्हणजे मशीनमध्ये गार नाही. मशीनमध्ये नाही तर वर कसं कळवू? फोटो पाठवू नका. मागच्या वर्षी एकाने शिमल्याचा फोटो पाठवला होता.’

मशीनला गार का कळत नाही, ते सांगते. नरसाळ्यातून पाणी आत जातं. आत एक छोटी दोन तोंडांची वाटी असते, शाळेच्या मैदानावरच्या सी-सॉसारखी. एक बाजू भरली की ती कलते, पाणी सांडतं, दुसरी बाजू वर येते. किती वेळा कलली ते मशीन मोजतं. तोच पाऊस. आता गार पडली की ती नरसाळ्यावर आपटते आणि टुणकन बाहेर उडते. जी आत राहते ती नरसाळ्याच्या तोंडात अडकून बसते आणि सावकाश वितळते. त्यामुळे खैरवाडीच्या मशीनने गारा पडताना जवळजवळ काहीच नोंदवलं नव्हतं. नंतर लख्ख ऊन पडलं तेव्हा तासभर हलका पाऊस नोंदवला. गावात लोक उन्हात उभं राहून गारा वेचत होते आणि मशीनच्या हिशेबाने पाऊस चालू होता.

पण दगडफेकीचं मला काही माहीत नव्हतं. ते पोलीस स्टेशनला गेल्यावर कळलं.

बाकावर तुळशीराम मामा बसले होते. हातात चहाचा कप. सत्तरीचा माणूस, डोक्याला पटका, पायात टायरची चप्पल. मशीनच्या शेजारचं रान त्यांचं.

‘या, मॅडम,’ मामा म्हणाले. ‘चहा घ्या. चांगला करून राहिले इथं.’

शेख जमादारांनी फाईल उघडली. मोठा सज्जन माणूस. कागदाच्या बाबतीत मात्र फार पक्का. मागे एका केसमध्ये पंचनाम्यात एक वस्तू लिहायची राहिली होती, म्हणून कोर्टात त्यांना सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं. तेव्हापासून ते प्रत्येक गोष्ट लिहून काढायचे. बाकावरचा चहासुद्धा डायरीत असावा.

त्यांनी वाचून दाखवलं. एजन्सीचे इंजिनिअर बिरादार यांची तक्रार. गारा पडल्यावर मशीन बॅटरीवर दोन दिवस चाललं आणि बंद पडलं. बिरादार लातूरहून बघायला आले. सोलर पॅनलची काच तीन ठिकाणी फुटलेली, नरसाळ्याच्या काठाला पोचे. अज्ञात इसमांनी दगडफेक केली.

‘मग अज्ञात इसम मामा कसे झाले?’ मी विचारलं.

‘ते चावडीवर चार लोकांत बोलले होते. या मशीनला एक दिवस दगड घालतो.’

‘बोललो होतो,’ मामा म्हणाले. ‘माझ्या रानात पाऊस पडतो अन् मशीन म्हणतं न्हाई पडला. बांध एकच हाय. मग राग येत न्हाई का माणसाला? पण म्हणलो होतो, घातला न्हाई.’

‘आणि घटनास्थळी दगड?’ मी विचारलं.

जमादारांनी पान उलटलं. तोंड जरा पडलं. ‘कुंपणाच्या आत-बाहेर पाहणी केली. दगड आढळून आले नाहीत.’

‘एकही नाही?’

‘काळी जमीन आहे, मॅडम. तिथं ढेकळं. ढेकळानं काच फुटत नाही. मी मारून पाहिलं ठाण्याच्या मागं.’

मी म्हणाले, ‘जमादार साहेब, तीन ठिकाणी काच फुटते, नरसाळ्याला पोचे पडतात आणि खाली एक दगड नाही. त्याच दिवशी गारा पडल्यात. दगड कशाला शोधता? वितळले ते.’

जमादारांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी बिरादारांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

‘गारपीट झालीच नाही त्या दिवशी,’ बिरादार म्हणाले. तरुण माणूस, आवाजात घाई. ‘आमच्या सर्व्हरवर हलका पाऊस आहे. सर्व्हर चुकत नाही.’

‘तो हलका पाऊस म्हणजे वितळलेल्या गारा आहेत,’ मी म्हणाले. ‘ती वेळ बघा. तेव्हा गावात ऊन होतं.’

‘ते मला कसं कळणार, मॅडम? ऊन मोजायचा सेन्सर या मॉडेलला नाही. आणि ॲपमध्ये नुकसानीचं कारण टाकावं लागतं. चारच ऑप्शन आहेत. चोरी, तोडफोड, वीज पडणे, जनावर. गार नाहीच त्यात. चोरी झाली नाही. वीज पडली असती तर सगळं जळालं असतं. जनावर खांबावर चढत नाही. राहिलं काय? तोडफोड. तोडफोड टाकली की ॲप आपोआप एफआयआर नंबर मागतं. नंबर दिल्याशिवाय नवीन पॅनल निघत नाही.’

म्हणजे असं झालं होतं. मशीनला गार कळत नाही, म्हणून गार पडली नाही. गार पडली नाही, म्हणून काच माणसाने फोडली. आणि माणूस म्हणून मामा बाकावर बसले होते.

मी पुन्हा चिद्रवार साहेबांना फोन केला.

‘साहेब, आपण गारपीट झाली असं पत्र दिलं तर हा म्हातारा सुटेल.’

‘सोनकांबळे मॅडम, मी ते पत्र कशाच्या आधारे देऊ?’

‘माझ्या रिपोर्टच्या.’

‘तुमच्या रिपोर्टचा तर खुलासा मागितलाय.’

फोन ठेवला. आता मात्र मला जरा भीती वाटली. केस पुढे गेली की मामांना मुखेडच्या कोर्टात तारखा सुरू. असली केस चार-पाच वर्षं सहज चालते. म्हातारा प्रत्येक तारखेला खैरवाडीहून एसटीने येणार, उभा राहणार, परत जाणार. आणि माझ्या रिपोर्टमधल्या सगळ्या गावाच्या गारा हलका पाऊस म्हणून जाणार.

मामांना त्याचं काही वाटत नव्हतं. उलट त्यांची मान जरा ताठ झाली होती. ‘गावात बोलून राहिले,’ मला हळूच म्हणाले. ‘म्हाताऱ्याचा नेम बघा म्हणतेत. तीन दगडात तीन भोकं.’

‘मामा, असं इथं बोलू नका.’

‘न्हाई, मी आपलं सांगून राहिलो.’

शेख जमादारांना मात्र माझी गोष्ट पटायला लागली होती. पटलं तरी लिहायचं कसं, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी जबाबाचा छापील कोरा फॉर्म काढला.

‘मॅडम, तुमचा जबाब घेतो. आभाळातून काय काय पडतं, सगळं सांगा. एकेकाला वगळत जाऊ.’

मी सांगायला लागले. पाऊस. मोठे थेंब, वेगाने येतात. मग भुरभुर, अगदी बारीक थेंब, तरंगत आल्यासारखे.

‘त्यानं काच फुटत नाही. दोघं वगळा. पुढं?’

‘बर्फ. कापसासारखा पडतो. पण आपल्याकडे खाली इतकं ऊन की येईपर्यंत पाणी होतं.’

‘म्हणजे हजर नव्हता. दव?’

‘दव पडतं असं आपण म्हणतो, पण ते वरून पडत नाही. रात्री गार झालेल्या पानावर हवेतली वाफ जमते. जागच्या जागी तयार होतं.’

‘ते लोकल,’ जमादार लिहिता लिहिता म्हणाले. ‘आता गार.’

‘ढगात थेंब असतो. खालून जोराचा वारा वर जातो, तो थेंबाला वर फेकतो. वर थंडी. थेंब गोठतो. खाली येतो, ओला होतो, वारा पुन्हा वर फेकतो. पुन्हा एक थर चढतो. असं होत होत जड झाली की वाऱ्याला पेलत नाही. मग खाली येते.’

‘म्हणजे फेकणारा कोण?’

‘वारा.’

त्यांनी ‘वारा’ लिहिलं. जरा थांबले. त्या रकान्यात पुढे वय आणि राहणार असं छापलेलं होतं. ते रिकामं ठेवलं.

‘अन् खाली पडल्यावर कुठं जातात हे सगळे?’

‘पाऊस थोडा जमिनीत मुरतो. जमीन भरली किंवा पाऊस जोराचा असला की नाल्याने वाहून जातो. थोडा उन्हाने उडून जातो. गार तशी लगेच जात नाही. जागेवर पडून राहते. सावकाश वितळते, त्यामुळे तिचं पाणी बरंचसं तिथंच मुरतं.’

जमादारांचा चेहरा उजळला. ‘म्हणजे पळून गेली नाही. जागेवर होती. आम्ही उशिरा पोचलो.’

‘बरोबर.’

‘पण मॅडम, एक अडचण आहे. मुद्देमाल लागतो. माणसानं मारलं म्हणा की वाऱ्यानं मारलं म्हणा, मारलं कशानं ते दाखवावं लागतं. एक तरी गार पाहिजे.’

‘चार दिवस झाले, जमादार साहेब. मार्च महिना आहे.’

तेवढ्यात दारातून आवाज आला. ‘गारा हायत की माझ्याकडं.’

मामांची बायको, पारूबाई. नवऱ्यासाठी फडक्यात भाकरी बांधून आणली होती. कधीपासून दारात उभ्या होत्या कोणास ठाऊक.

‘कुठं आहेत, पारूबाई?’ मी विचारलं.

‘फ्रीजात. उन्हाळ्यात घामोळ्याला लावते मी गारंचं पाणी. लई गुण येतो. डबाभर धरून ठेवल्या.’ मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, ‘अन् तुमी इथं चहा पिऊन राहिले? काल सांगितलं असतं तर कालच आणल्या असत्या.’

‘मला कोणी इचारलं न्हाई,’ मामा म्हणाले.

त्या संध्याकाळी जमादारांनी मामांना घरी जाऊ दिलं. सकाळी दहाला खैरवाडीत हजर राहायचं, या अटीवर. तसंही ते तिथेच राहात होते.

सकाळी आम्ही सगळे पारूबाईंच्या स्वयंपाकघरात उभे होतो. मी, जमादार, दोन पंच आणि बिरादार. बिरादार पहाटे लातूरहून निघून आले होते. नवीन पॅनल घेऊन आले, बसवूनही झालं होतं, मशीन चालू होतं. पण तक्रार मागे घ्यायला ते तयार नव्हते. ‘मला पुरावा पाहिजे, मॅडम. मी इंजिनिअर आहे.’

पारूबाईंनी फ्रीजर उघडलं. वाटाण्याच्या पिशवीमागून स्टीलचा डबा काढला. आत गारांचा एक गोळा झालेला. एकमेकींना चिकटून बसलेल्या. वेगळ्या अशा सात होत्या.

‘लिंबाएवढ्या होत्या,’ पारूबाई म्हणाल्या. ‘लाईट जाती दुपारची. झिजून राहिल्या.’

त्या आता बोराएवढ्या होत्या. जमादारांनी पट्टी लावून एकेक मोजली. मोजताना ती आणखी थोडी झिजत होती, त्यामुळे पंचांना घाई करावी लागली.

बिरादार म्हणाले, ‘एवढ्याशा बर्फाने पॅनल फुटत नाही. आणि हा फ्रीजरचा बर्फ कशावरून नाही?’

हा प्रश्न बरोबर होता. मी पारूबाईंकडून विळी मागितली. त्यातल्या त्यात मोठी गार घेतली आणि मधोमध कापली. आतून थर दिसत होते. एक पांढुरका, एक काचेसारखा, पुन्हा पांढुरका. ‘फ्रीजरमधल्या बर्फाला असे थर नसतात. प्रत्येक थर म्हणजे ही एकदा वर जाऊन आलेली आहे.’

जमादार वाकले. ‘कांदाच की, मॅडम.’

बिरादारही वाकले. बराच वेळ बघत राहिले. मोबाईलवर फोटो काढला. ‘हे मी पुस्तकात वाचलं होतं,’ म्हणाले. ‘क्लासमध्ये होतं. बघितलं नव्हतं कधी.’

‘आता मुद्देमाल सील करू,’ जमादार म्हणाले.

मी विचारलं, ‘सील कसं करणार?’

‘नियमाप्रमाणे. पांढरं कापड, सुतळी, लाख.’

मी सांगायचा प्रयत्न केला. पण जमादारांच्या डोळ्यांसमोर ते कोर्ट होतं. नियम म्हणजे नियम. सात गारा, त्यातली एक कापलेली, कापडात गुंडाळल्या. सुतळी बांधली. मेणबत्ती पेटवली. गाठीवर लाल लाख टपटप पडली. त्यांनी पितळी शिक्का दाबला. पारूबाईंच्या ओट्यावर बारीक ओघळ आला.

कापडावर पंचांच्या सह्या घ्यायच्या होत्या. पहिल्या पंचाने सही केली तर शाई पसरली. दुसऱ्याने अंगठा उमटवला, तो कपबशीएवढा झाला.

‘जमादार साहेब,’ पारूबाई म्हणाल्या, ‘तुमी माझं घामोळ्याचं औषध वाया घालवून राहिले.’

शेवटी जमादारांनी पुडकं हातात धरलं. पिळल्यासारखं हलकं झालं होतं. त्यांनी लिहिलं, ‘मुद्देमाल गारा, नग सात, पंचांसमक्ष मोजल्या, सीलबंद केल्या.’ थोडा विचार केला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. ‘सीलबंद करतेवेळी मुद्देमालाने रूप बदलले.’

बिरादारांनी गार मान्य केली होती. पण दगड पूर्ण अमान्य केला नव्हता. ‘गारा पडल्या हे खरं. पण त्याच दिवशी मामांनी दगडही मारला असेल. दोन्ही होऊ शकतं. मला कंपनीला लिहायचंय, माणसाने मारणं शक्यच नव्हतं.’

जमादारांना हे आवडलं. ‘ठीक. प्रात्यक्षिक करू. मामांना मारायला लावू. पोचला तर पोचला, नाही पोचला तर नाही.’

मी म्हणाले, ‘मशीनवर? दगड?’

‘माझ्यासमोर, पंचांसमोर. सरकारी प्रात्यक्षिक आहे.’

आम्ही सगळे मशीनपाशी गेलो. गावातली माणसं आधीच जमली होती. नवीन पॅनल फुटेल असा बिरादारांनी धसका घेतला. त्यांनी पारूबाईंकडून गोधडी मागून आणली, शिडी लावून वर चढले आणि पॅनलला गोधडी गुंडाळली. निळ्या-लाल ठिगळांची गोधडी पांघरून मशीन उभं राहिलं. खाली नरसाळ्यावर पातेलं पालथं घातलं. वरच्या तीन वाट्या तेवढ्या मजेत फिरत होत्या.

काळ्या रानात दगड कुठे? जमादारांनी रस्त्याच्या कामावरची खडी मागवली. म्हणजे मामांना मारायला दगड बाहेरून आणावा लागला. मी बिरादारांना ते दाखवलं. त्यांनी मान हलवली, पण प्रात्यक्षिक थांबलं नाही.

मामा बांधावर उभे राहिले. इतक्या लोकांसमोर नाव झालेलं, आता ते राखायचं होतं. पटका घट्ट केला. पहिला दगड कुंपणाच्या अलीकडे पडला. दुसरा जाळीला लागून परत आला. तिसरा कुठे गेला ते कोणाला दिसलं नाही. मागून एक म्हैस ओरडली.

‘मामा, हेच का तीन दगडांत तीन भोकं?’ गर्दीतून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. मामांची मान खाली गेली. मला त्यांचं वाईट वाटलं. चार दिवसांचा मोठेपणा होता, तोही गेला.

‘झालं,’ मी म्हणाले. ‘पोचत नाही. लिहा, जमादार साहेब.’

पण जमादारांना शंका आली. ‘मामा मुद्दाम हळू मारून राहिले असतील. आरोपी असं करतो. मामा, असा नाही. खांद्यातून मारायचा. हे बघा, असा.’

त्यांनी खडीतला एक दगड उचलला, दोन पावलं मागे गेले आणि मारला.

फार सुंदर गेला तो दगड. गोधडीच्या वरून गेला आणि फिरणाऱ्या वाटीवर बसला. टण्ण असा आवाज झाला. तीनपैकी एक वाटी निखळून रानात पडली. उरलेल्या दोन जरा लंगडत फिरल्या आणि थांबल्या.

बिरादारांचा मोबाईल वाजला. त्यांनी खिशातून काढून बघितला. ‘सर्व्हरवरून अलर्ट आलाय,’ म्हणाले. ‘विंड सेन्सर बंद. कारण टाका म्हणतंय.’

‘मग टाका,’ जमादार म्हणाले.

बिरादारांनी चार ऑप्शन पुन्हा वाचले. बराच वेळ वाचले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, ‘मॅडम, जनावर टाकू का?’

‘जनावर कोण?’ जमादारांनी विचारलं.

मला हसू आवरेना आणि हसताही येईना. तोडफोड टाकली तर एफआयआर नंबर लागणार. नंबर द्यायचा शेख जमादारांनी. आरोपीही तेच, साक्षीदार अख्खं गाव. दोन वर्षांवर त्यांची रिटायरमेंट आली होती. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते रुमालही काढत नव्हते, नुसते त्या वाटीकडे बघत होते.

तुळशीराम मामा बांधावरून खाली उतरले. रानात गेले, वाटी उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि माझ्या हातात दिली.

‘गारच लिहा, मॅडम,’ म्हणाले. ‘एवढ्या पडल्या त्या दिवशी. एक जास्तीची.’

‘मामा, वाटी तर आता तुटली.’

‘आता तुटली. तडा तवाच गेला असंल की. कोणी चढून बघितलं व्हतं?’

मी बिरादारांकडे बघितलं. ते शिडीवर चढून गोधडी सोडवत होते. ‘मी चढलो होतो,’ तिकडूनच म्हणाले. ‘पण वाटीकडे नीट लक्ष दिलं नव्हतं.’ तो पोरगा त्या दिवशी मला फार आवडला.

मी पोलिसांच्या जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पत्र लिहिलं. केंद्राचे सोलर पॅनल, नरसाळे व वाऱ्याच्या वाट्या यांचे नुकसान गारपिटीमुळे झाल्याचे दिसून येते. सही केली. जमादारांनी ते पत्र दोनदा वाचलं. घडी करून वरच्या खिशात ठेवलं आणि मला सॅल्यूट ठोकला. पोलिसाने कृषी खात्याला सॅल्यूट ठोकलेला मी तरी पुन्हा पाहिला नाही.

केस महिन्याभरात बंद झाली. मामांना कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. खरी गंमत आमच्या ऑफिसात झाली. पोलिसांच्या पंचनाम्याची एक प्रत नियमाप्रमाणे चिद्रवार साहेबांकडे गेली. त्यांनी मला बोलावलं.

‘हे बघा, मॅडम. सात गारा, मोजलेल्या, पंचांसमक्ष. शिक्का आहे. असं आधी का नाही दिलं?’

‘मी आधी रिपोर्ट दिला होता, साहेब.’

‘त्याला शिक्का नव्हता.’

त्यांनी माझा खुलासा फाईलला लावला आणि वर कळवलं, ‘पोलीस विभागाच्या अभिलेखानुसार खैरवाडी मंडळात गारपीट झाल्याचे मान्य करण्यात येत आहे.’ गावाच्या नुकसानीचे रीतसर पंचनामे झाले. माझ्या माहितीत तेवढी एकच गारपीट आहे, जी फौजदारी तपासात सिद्ध झाली. एजन्सीच्या ॲपमध्ये पुढे पाचवा ऑप्शन आला, ‘इतर’.

मधे एकदा एजन्सीच्या हेड ऑफिसातून विचारणा आली. गारपिटीनंतर पाचव्या दिवशीही वाट्या व्यवस्थित फिरत होत्या, अशी सर्व्हरवर नोंद आहे, मग गारेने तुटल्या कशा? मी एका ओळीत उत्तर दिलं, ‘गारेने तडा गेला होता, नंतर वाटी निखळली.’ ते मान्य झालं. इतकी वर्षं पाऊस, वारा, गारा, सगळं पाहिलं तसंच लिहिलं. ही एक गार मी खोटी लिहिली. त्यानंतर तिचा खुलासा कोणी मागितला नाही.

रिटायर होण्याआधी नव्या लोकांच्या ट्रेनिंगला मला बोलवायचे. मी त्यांना सांगायची, गारा पडल्या की आधी त्या कापून आतले थर बघा, फोटोत शेजारी गावातला ओळखीचा माणूस उभा करा, चार गारा कोणाच्या तरी फ्रीजरमध्ये ठेवून द्या आणि तिथे लाख न्यायची नाही. आणि मशीनजवळ कोणालाही दगड मारून दाखवायला सांगू नका. नेम लागतो.